आयत्या वेळचे विषय

पतसंस्थेत जाऊन ‘तुम्हाला सॉफ्टवेअरमध्ये नेमकं काय हवंय?’ असं विचारलं की सगळ्यात आधी चहा येतो. उत्तर त्यानंतर येतं आणि ते ठरलेलं असतं : ‘आत्ता चाललंय तेच हवंय. फक्त कॉम्प्युटरवर.’

या उत्तरावर माझं घर चालतं. मी बिझनेस ॲनालिस्ट आहे. म्हणजे काय, ते माझी आई शेजारणींना सांगते : ‘तो कॉम्प्युटरवाल्यांच्या वतीनं चौकशा करतो.’ याहून नेमकी व्याख्या मला आमच्या विषयाच्या एकाही जाडजूड पुस्तकात सापडलेली नाही. हिंजवडीत बसणारी मुलं प्रोग्रॅम लिहितात. तो कुणासाठी आणि कशासाठी लिहायचा हे कळायला आधी कुणीतरी माणसांशी बोलावं लागतं. ही मुलं माणसांशी बोलत नाहीत, म्हणून मी बोलतो.

आयबीएमच्या सिस्टीम/३६० या संगणकांची ऑपरेटिंग सिस्टीम ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाली, त्या फ्रेड ब्रुक्स यांचा १९८७ साली एक निबंध गाजला. सॉफ्टवेअर करण्यातलं सर्वांत अवघड काम कोणतं, तर काय करायचंय हे नेमकं ठरवणं, असं त्यांनी त्यात म्हटलंय. ब्रुक्स साहेबांनी पतसंस्था पाहिली नव्हती. पाहिली असती तर ते ‘अवघड’ या शब्दावर थांबले नसते.

मी सांगतोय ती संस्था सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली. नाव सांगत नाही, कारण शेवटच्या हप्त्याचं बिल अजून निघायचंय. दारावर ‘लेखापरीक्षण वर्ग अ’ असा बोर्ड, आत पिग्मी, आवर्त ठेव, दामदुप्पट, सोनेतारण, जामीनकीचं कर्ज असा सगळा संसार.

पहिली बैठक संचालक मंडळाबरोबर झाली. अध्यक्ष म्हणाले, ‘आपलं काय हाय, एक बटण पाहिजे. दाबलं की सगळं दिसलं पाहिजे.’

‘सगळं म्हणजे काय काय, साहेब?’

‘सगळं म्हणजे सगळंच की!’

मी वहीत ‘बटण, एक. सगळं.’ असं लिहून घेतलं. उपाध्यक्षांना आलेख हवा होता. कशाचा, ते म्हणाले तुम्ही ठरवा, फक्त वर जाणारा पाहिजे. एका तरुण संचालकांना मोबाईल ॲप हवं होतं, कारण शेजारच्या गावातल्या पतसंस्थेनं काढलं होतं. त्या ॲपमध्ये काय काय आहे? ते त्यांनी बघितलं नव्हतं, पण त्यांच्या बोर्डावर तसं लिहिलंय म्हणाले. आपल्या ॲपमध्ये काय पाहिजे, यावर मात्र त्यांचं उत्तर तयार होतं : ‘आपल्या खतावणीत सभासदाचं खातं जसं आहे, तसंच्या तसं त्याला दिसलं पाहिजे. पारदर्शक!’ हा शब्द सगळ्यांना आवडला. मी तो लिहून घेतला. मग एका महिला संचालकांनी विचारलं, ‘बचत गटाच्या खात्यावर दोघींच्या सह्या लागतात. त्यातली एक लग्न होऊन कर्नाटकात गेली तर पैसे कसे काढायचे?’ पूर्ण बैठकीतला हा एकमेव कामाचा प्रश्न होता. त्यामुळे अध्यक्ष ‘ते नंतर बघू’ म्हणाले.

कोणती मागणी आधी आणि कोणती मागून, हे ठरवायची आमच्याकडे एक रीत आहे. डाय क्लेग नावाच्या गृहस्थांनी १९९४ मध्ये, ओरॅकलमध्ये असताना, ती काढली. मागण्यांच्या चार वाटण्या करायच्या : हवंच, असावं, जमलं तर आणि यावेळी नको. इंग्रजी आद्याक्षरांवरून या रीतीला ‘मॉस्को’ म्हणतात. मी हा शब्द उच्चारताच कोपऱ्यातले एक ज्येष्ठ संचालक, तरुणपणी लाल बावटा घेऊन मोर्च्यात चाललेले, खुर्चीत सावरून बसले आणि बैठकीत पहिल्यांदाच माझ्याकडं आपुलकीनं बघू लागले. वाटण्या झाल्या. सगळ्या मागण्या ‘हवंच’मध्ये गेल्या. ‘यावेळी नको’ या रकान्यात एकच नोंद झाली : सॉफ्टवेअरचे पैसे.

बैठकीत कळतं ते एवढंच. खरी माहिती काउंटरच्या आत असते. तिथं ठेव आणि कर्ज असं दोन्ही सांभाळणाऱ्या मॅडम होत्या. व्यवस्थापक दर काही वर्षांनी बदलत, अध्यक्ष निवडणुकीनं बदलत. मॅडम तिथंच होत्या.

‘मुदतीआधी ठेव मोडली तर व्याज कसं देता?’

‘नियमाप्रमाणे.’

‘आणि नियम काय आहे?’

त्यांनी बोटानं टेबलावरची काच वाजवली. काचेखाली स्वामी समर्थांचा फोटो, एसटीचं जुनं वेळापत्रक आणि त्यांच्यामध्ये हातानं लिहिलेला, पिवळा पडलेला व्याजाचा तक्ता. कुणी केला? आधीच्या साहेबांनी. ते कुठायत? निवृत्त. त्यांनी कशाच्या आधारावर केला? ‘त्यांना माहीत असणार ना!’ तक्त्यातला एक दर पेनानं खोडून त्याच्या डोक्यावर दुसरा लिहिला होता. यातला कुठला धरायचा, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, ‘तसा खालचा. माणूस आपला असेल तर वरचा.’

आमच्या कामात सगळ्यात सांभाळून घ्यावं असं वाक्य म्हणजे ‘असं कधी होत नाही’. मी विचारलं होतं, कर्जाचा हप्ता कुणी अर्धाच भरतं का? मॅडम म्हणाल्या, ‘छे! असं कधी होत नाही.’ डबे उघडले तेव्हा त्यांना आठवलं, गेल्या दिवाळीत एकानं भरला होता. चारच्या चहाला म्हणाल्या, ‘दुधाचं बिल उशिरा निघालं की भरतात काही जण.’ आणि संध्याकाळी पर्स काखेला लावून निघताना, दारात वळून : ‘तसं बघायला गेलं तर पुरता हप्ता भरतंय कोण?’ तेव्हापासून कुणी ‘कधीच नाही’ म्हणालं की मी ते लिहितो आणि खाली अर्धं पान कोरं सोडतो.

मार्च महिन्याचं प्रकरण वेगळंच. व्यवस्थापकांनी शांतपणे सांगितलं, ‘आमच्याकडं एकतीस मार्च पाच-सहा एप्रिलपर्यंत चालतो. तेवढी सोय ठेवा.’ मी ती मागणी जशीच्या तशी हिंजवडीला कळवली. तिकडून ताबडतोब फोन आला. ‘सर, हे लॉजिकली पॉसिबल नाही. तारीख सर्व्हरवरून येते.’ मी फोन व्यवस्थापकांच्या हातात दिला. त्यांनी मुलाचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं, मग विचारलं, ‘बाळा, लग्न झालंय का? नाही ना? मग तू अजून एकही वर्षाखेर बघितलेली नाहीस.’ लग्नाचा आणि ताळेबंदाचा काय संबंध, ते मला कळलं नाही, पण मुलानं सोय करून दिली.

पिग्मीला मात्र नुसती सोय पुरत नाही. ही कल्पना मूळची उडुपीची. पुढं सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या तिथल्या बँकेनं १९२८ साली एजंट दारोदार पाठवून रोजचे अगदी दोन-दोन आणेसुद्धा ठेव म्हणून गोळा करायला सुरुवात केली. तेव्हापासून आजतागायत या योजनेचं तंत्रज्ञान म्हणजे एका माणसाचे पाय आणि त्याची स्मरणशक्ती. आम्ही त्याच्या हातात मशीन देणार होतो : पैसे घेतले की तिथल्या तिथं पावती. संस्थेच्या सगळ्यात जुन्या एजंटानं मशीन उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, ‘चांगलं हाय. पण सकाळी वडापाववाल्याकडं गेलो तर त्याची बोहनी झालेली नसते. तो म्हणतो, टाका तुम्ही, उद्या देतो. मी माझ्या खिशातनं टाकतो. उद्या तो दोन दिवसांचे देतो. आता यातली पावती कधीची, कुणाची आणि खरी कुठली?’

त्याचं म्हणणं होतं, मागच्या तारखेची नोंद करता आलीच पाहिजे. लेखापरीक्षकांचं म्हणणं होतं, मागच्या तारखेची नोंद करताच येता कामा नये. दोन हितसंबंधीयांच्या मागण्या एकमेकींना छेद देत असतील तर दोघांना एका खोलीत समोरासमोर बसवावं, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. मी बसवलं. पाचव्या मिनिटाला निघालं की एजंटाचे मेहुणे आणि लेखापरीक्षकांचे साडू शेजारशेजारच्या रानाचे मालक असून बांधावरून त्यांची केस चालू आहे. पुढचा तासभर दोघांनी मिळून तलाठ्याला नावं ठेवली, एकमेकांचे नंबर घेतले आणि अत्यंत समाधानानं निघून गेले. माझं पान कोरंच राहिलं.

सोनेतारणाच्या अर्जात आमच्या मुलानं ‘वजन’ असा एक चौकोन ठेवला होता. कशातलं वजन, ते लिहिलं नव्हतं. संस्थेच्या सराफांना विचारलं तर म्हणाले, तोळ्यात. म्हणजे दहा ग्रॅमच ना? ‘आता दहा. आजीचा दागिना असेल आणि त्याबरोबर जुनी चिठ्ठी असेल, तर अकरा पूर्णांक सहासष्ट.’ मी त्यांना नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटरची गोष्ट सांगितली. हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळापर्यंत जाऊन तिथं नष्ट झालं. एका कंपनीचं सॉफ्टवेअर इंजिनांच्या धक्क्याचे आकडे पाउंडांच्या हिशेबात देत होतं आणि नासाकडचं सॉफ्टवेअर तेच आकडे न्यूटनच्या हिशेबात वाचत होतं. सराफांनी भिंगातून डोळा न काढता विचारलं, ‘मोजणारा कोण होता त्यांचा?’

हे सगळं एकवेळ परवडलं. माझी झोप उडाली ती नावांमुळं. या गावात एकाच नावाचे, एकाच वडिलांच्या नावाचे आणि एकाच आडनावाचे तीन सभासद होते, आणि तिघांवर कर्ज. खाते क्रमांक कुणालाच पाठ नसतो. मग ओळखता कसे? मॅडमनी कर्ज खतावणी उघडली. हातभर रुंद पान, आणि सगळ्यात उजवीकडं ‘शेरा’ नावाचा रकाना. पहिल्या नावापुढं लिहिलं होतं, ‘विहिरीवरचे’. दुसऱ्यापुढं ‘एसटीतले’. तिसऱ्यापुढं ‘मिशीवाले’.

‘यांनी मिशी काढली तर?’

‘काढणार नाहीत. अजून चार वर्षं हप्ते आहेत.’

मी त्या रकान्यातून खाली खाली उतरत गेलो. ‘जामीनदार मयत. मुलगा पुण्यात. गणपतीत येतो, तेव्हा धरावा.’ ‘भावानं विचारल्यास शिल्लक सांगू नये.’ ‘नोटीस घरी पाठवू नये, दुकानावर पाठवावी. घरी माहीत नाही.’ ‘उजवा हात मोडला होता, डाव्या हाताची सही खरी धरावी.’ एका ठिकाणी लाल शाईनं दोनच शब्द : ‘गोड बोलतात.’ सिबिलवाले माणसाची पत सांगायला ३०० ते ९०० मधला एक आकडा काढतात आणि त्यासाठी त्यांना अख्ख्या देशाच्या बँकांची माहिती लागते. इथं दोन शब्दांत निकाल लागला होता. आणि एका शेतकऱ्याच्या खात्यापुढं, रकान्यात मावेना म्हणून समासात वळवून : ‘ऊसबिल आलं की स्वतः येतात. तोवर फोन करून कमीपणा आणू नये.’

बैठकीत बटण, आलेख आणि ॲप यांच्यावर दोन तास चर्चा झाली होती. या रकान्याचं नाव कुणी काढलं नव्हतं. नियम छापील पोटनियमांत होते, सहकार कायदा १९६० चा कपाटात होता, आणि संस्था चालत होती ती या चार बोटं रुंदीच्या जागेत. व्यवस्थापकांना विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलंत? त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. ‘त्यात काय सांगायचं? ते सगळ्यांना माहीतच आहे.’

हिंजवडीचा पुढचा प्रश्न तयार होता : शेरा किती अक्षरांचा ठेवायचा? मुलगा पन्नास म्हणत होता. मी अडीचशे म्हणालो. मॅडम म्हणाल्या, ‘आणि समास?’

मग या सगळ्याचा दस्तऐवज करायची वेळ आली. तो किती मोठा असावा याबद्दल माझी मतं ठाम आहेत. अमेरिकेच्या एफबीआयनं ‘व्हर्च्युअल केस फाइल’ नावाची प्रणाली करायला घेतली तेव्हा नुसत्या मागण्यांचाच दस्तऐवज आठशेहून अधिक पानांचा झाला होता. २००५ साली तो प्रकल्प गुंडाळला, तोवर सुमारे १७ कोटी डॉलर गेले होते. त्यामानानं माझा दस्तऐवज आटोपशीर होता. तरीही तो कुणी वाचला नाही, हे ओघानंच आलं. खासगी कंपनीत अशा दस्तऐवजावर सही मिळवायला महिने लागतात, कारण सही केली की जबाबदारी येते. सहकारात तसं नाही. इथं सूचक असतो, अनुमोदक असतो, ‘सर्वानुमते मंजूर’ असतं, आणि पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त ‘वाचून कायम’ होतं. जबाबदारी सगळ्यांची, म्हणजे हिशेबात कुणाचीच नाही. दस्तऐवज चार मिनिटांत मंजूर झाला. त्यातली तीन मिनिटं पेन शोधण्यात गेली.

आता एकदा मंजूर झालं की तसंच करायचं, मध्ये बदल नाही, अशी आमच्या क्षेत्रातली जुनी शिस्त. तिची पायऱ्यापायऱ्यांची आकृती विन्स्टन रॉयस यांच्या १९७० च्या लेखातून आली असं मानतात. गंमत म्हणजे रॉयस यांनी त्याच लेखात बजावलं होतं की हे असं सरळ उतरत जाणं धोक्याचं आहे. लोकांनी चित्र घेतलं, खालचा मजकूर सोडला. (पोटनियमांचंही तेच होतं.) पुढं २००१ मध्ये युटा राज्यातल्या स्नोबर्ड या बर्फाळ ठिकाणी १७ जाणकार जमले आणि त्यांनी जाहीरनामा काढला. मागण्या उशिरा बदलल्या तरी त्यांचं स्वागत करावं, हे त्यातलंच एक तत्त्व. जगभर केवढं कौतुक झालं! आपल्याकडं कुठल्याही सहकारी संस्थेच्या सभेची नोटीस उचलून बघा. शेवटचा विषय हाच असतो : ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांचा विचार करणे.’ त्यासाठी बर्फात जावं लागलं नाही.

या कलमाखाली आमच्याकडं काय काय आलं! दहावी-बारावीत गुण मिळवलेल्या सभासदांच्या पाल्यांची यादी आली. मयत सभासदांच्या श्रद्धांजलीचं पान आपोआप छापून यावं, ही मागणी आली. त्यावर चुकून हयात माणूस येऊ नये, ही उपमागणी त्याच्या पुढच्या सभेत, एका हयात माणसाकडून आली. उपाध्यक्षांचा आलेख लाभांशाचा करायचं ठरलं होतं. पण सहकार कायद्यानं लाभांश पंधरा टक्क्यांच्या वर देता येत नाही आणि संस्था कैक वर्षं पंधराच देत होती. आलेख आला तो आडवा, दोरीवर धोतर वाळत घातल्यासारखा. उपाध्यक्ष बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, ‘मग कागद फिरवून छापा.’

अखेर प्रात्यक्षिकाचा दिवस उजाडला. पडदा लावला, प्रोजेक्टर आला, संचालक मंडळ झाडून हजर. अध्यक्षांना त्यांचं बटण मिळालं होतं. ते दाबलं की सगळं दिसत होतं, आणि इतकं सगळं दिसत होतं की त्यांनी लगेच ‘थोडं कमी करा’ अशी सूचना दिली. मग ॲपची पाळी आली. ठरावाप्रमाणे ते पारदर्शक होतं : खतावणीत खातं जसं आहे, तसंच्या तसं, एकही रकाना न गाळता. मी नमुन्याचं खातं उघडणार एवढ्यात एक संचालक म्हणाले, ‘नमुना कशाला? खरं खातं दाखवा. माझंच दाखवा, आपलं काय लपवायचं हाय?’

मॅडम काहीतरी बोलणार होत्या, असं मला वाटतं. तोवर पडद्यावर नाव आलं, कर्जाची रक्कम आली, थकीत हप्ते आले आणि सगळ्यात उजवीकडं, हिंजवडीच्या मुलानं मोठ्या हौशीनं ठळक अक्षरांत दिलेला रकाना आला :

‘स्वतः संचालक. नोटीस काढू नये. स्वतःहून आले तर भरून घ्यावे.’

कुणी हललं नाही. लाल बावट्यावाले ज्येष्ठ तेवढे खुर्चीत पुन्हा एकदा सावरून बसले. व्यवस्थापक प्रोजेक्टरची वायर तपासू लागले. मग ते संचालक उभे राहिले आणि एका दमात बोलले :

‘शेऱ्याचा रकाना ॲपमध्ये येता कामा नये. संचालकाला दिसू नये, व्यवस्थापकाला दिसू नये, छापून निघू नये, फोटो काढता येऊ नये. तो फक्त मॅडमना दिसावा, त्यांनीच लिहावा, आणि त्यांचा पासवर्ड त्यांनी कुणाला सांगू नये. आजपासून.’

कुणाला दिसावं, कुणाला दिसू नये, कुठं छापू नये, लिहिणार कोण, कधीपासून : एवढी पुरी, निःसंदिग्ध आणि एकही प्रश्न शिल्लक न ठेवणारी मागणी मला उभ्या नोकरीत मिळाली नव्हती. विषय अर्थातच आयत्या वेळचा. सूचक ते स्वतः. अनुमोदनाला एक हात पुरतो, तिथं सगळ्या मंडळाचे हात वर गेले, महिला संचालक सोडून. त्या मला बचत गटाच्या सह्यांचं काय झालं, ते विचारत होत्या.

सभा उठली. अध्यक्ष जाता जाता काउंटरपाशी रेंगाळले. इकडंतिकडं बघून त्यांनी आवाज खाली आणला आणि विचारलं, ‘मॅडम, आमच्या खात्यापुढं काय लिवलंय?’

‘ठराव झालाय, साहेब,’ मॅडम म्हणाल्या.